60 लाखांच्या घरावर वरखर्च किती?

प्रश्न: पुण्यात आम्ही एक जुना टू बीएचके फ्लॅट 60 लाखांना घेत आहोत. 45 लाखांचं कर्ज मंजूर होईल असं दिसतं. एजंट म्हणतात, वरखर्चाला आणखी सहा-सात लाख बाजूला ठेवा. विकणारे गृहस्थ सुचवतात, करारात 52 लाखच दाखवा, 8 लाख रोख द्या, म्हणजे मुद्रांक शुल्क वाचेल. रेडी रेकनरप्रमाणे किंमत 54 लाख निघते. शिवाय सोसायटी नाव लावण्यासाठी 1 लाख रुपये ‘विकास निधी’ मागते आहे. यातलं काय टाळता येईल?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर: एजंटांचा अंदाज फार चुकीचा नाही, पण त्यात काय काय धरलं आहे ते त्यांच्याकडून लिहून घ्या. सर्वांत मोठा आकडा मुद्रांक शुल्काचा. पुणे महापालिका हद्दीत ते सध्या 7 टक्के आहे: मूळ 5, स्थानिक संस्थेचा 1 आणि मेट्रोसाठीचा 1. म्हणजे 4,20,000 रुपये. नोंदणी शुल्क 1 टक्का असलं तरी त्याला 30,000 ची कमाल मर्यादा आहे, तेव्हा तुम्हाला तेवढेच लागतील. हे पैसे बँकेच्या कर्जात धरले जात नाहीत, स्वतःच्या खिशातून घालावे लागतात. अनेकांची शेवटच्या आठवड्यात धावपळ होते ती इथेच.

आता कमी कसं होईल? खरेदीदार फक्त महिला असेल तर राहत्या घरावर 1 टक्का सवलत मिळते. तुमच्या पत्नीच्या एकटीच्या नावावर घर घेतलं तर 60,000 रुपये वाचतात. दोघांची नावं लावली की सवलत गेली. अशा घराला पूर्वी 15 वर्षं पुरुषाला न विकण्याची अट होती, ती 2023 मध्ये काढली गेली. मात्र कागदावर पत्नी आणि मनात मालक आपण, असा विचार असेल तर हे करू नका. घर कायद्याने तिचंच होईल. आणि हप्ते तुम्ही भरणार असाल, तरी मालकीत नाव नसल्याने व्याजावरची आयकर सवलत तुम्हाला मिळणार नाही. तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल तर 60,000 आणि ही सवलत यांची बेरीज-वजाबाकी आधी मांडा. त्याच प्रणालीत मुद्रांक आणि नोंदणी शुल्कावरही, ज्या वर्षी भरलं त्या वर्षी, 1.5 लाखाच्या एकत्रित मर्यादेत वजावट मिळते.

रोखीच्या सूचनेला स्पष्ट नकार द्या. करारात 52 लिहिले तरी शुल्क 54 वरच लागेल, कारण करारातली किंमत आणि रेडी रेकनर यांत जी जास्त, तीच धरतात. म्हणजे वाचणार फक्त 6 लाखांवरचे 42,000. त्यापायी तुम्ही 8 लाखांची पावती गमावता. व्यवहार फिसकटला तर ते परत मागायला हातात काही नाही, बँक कर्ज 52 वर मोजेल, आणि उद्या तुम्ही घर विकाल तेव्हा खरेदी किंमत कमी दिसून भांडवली नफ्याचा कर तुम्हीच भराल. व्यवहारात 20,000 किंवा अधिक रक्कम रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, हे विकणाऱ्यांनाही सांगा. खरी किंमत खोटी लिहिणं बेकायदा आहे ते वेगळंच.

सोसायटीच्या बाबतीत तुमचा हक्क पक्का आहे. महापालिका हद्दीत हस्तांतरणाचं अधिमूल्य 25,000 रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. शासनाचं हे परिपत्रक 9 ऑगस्ट 2001 चं आहे. हस्तांतरण शुल्क 500 आणि प्रवेश शुल्क 100 वेगळं. ‘विकास निधी’, ‘देणगी’ अशी नावं बदलून सक्ती करता येत नाही. अर्ज लेखी द्या, रक्कम धनादेशाने भरा, पावती घ्या. समितीने अडवलं तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करा. अधिमूल्य कोण भरणार, हे साठेखतातच लिहून घ्या.

जुना फ्लॅट असल्याने जीएसटी नाही. किंमत 50 लाखांच्या वर आहे म्हणून 1 टक्का टीडीएस कापावा लागेल, पण हे 60,000 रुपये वरखर्च नव्हेत, ते विकणाऱ्याच्या पैशांतूनच वजा होतात. वेळेत भरले नाहीत तर व्याज मात्र तुमच्या माथी. बँकेची प्रोसेसिंग फी आणि एजंटचं कमिशन, दोन्हींवर घासाघीस करा. तिथे वाव असतो.

वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च मात्र वाचवू नका. तो रिपोर्ट आणि बँकेचं मंजुरीपत्र हाती येईपर्यंत मुद्रांक शुल्काचं चलन भरू नका. भरलेलं शुल्क परत मिळवायला अर्ज, हेलपाटे आणि महिने लागतात, आणि त्यातून कपातही होते.