तुमच्या एसआयपीत म्यानमारच्या लष्कराशी व्यवहार करणारी कंपनी आहे का? बसा, तपासू या

लॅपटॉप उघडा, चहा शेजारी ठेवा. म्यानमारमध्ये १ फेब्रुवारी २०२१ ला लष्कराने सत्ता बळकावली. त्या लष्कराला शस्त्रं, भाडं किंवा नफ्यातला वाटा पोचवणारी एखादी कंपनी तुमच्या म्युच्युअल फंडात बसली आहे का, एवढंच आज शोधायचं आहे. रविवारची एक दुपार पुरेल. ताळेबंद वाचता येत नसेल तरी चालेल, यादी वाचता आली की झालं.

साहित्य: तुमच्या गुंतवणुकीचं एकत्रित विवरणपत्र (ज्याला सगळे ‘कॅस’ म्हणतात), पॅन क्रमांक, एक वही, दोन रंगांची पेनं. शेवटी लागलेच तर दहा रुपये.

१. कॅसची फाइल उघडा. एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरींकडून ती ईमेलवर येते. मेल सापडत नसेल तर फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॅम्सच्या संकेतस्थळावरून मागवा. सांभाळा: डिपॉझिटरीकडून आलेल्या फाइलचा पासवर्ड म्हणजे तुमचा पॅन, आणि तोही कॅपिटल अक्षरांत. दहापैकी नऊ जण इथेच अडतात.

२. प्रत्येक योजनेचं पूर्ण नाव वहीत उतरवा. ‘तो ब्लूचिपवाला’ असं लिहून भागत नाही. एकाच फंड घराण्यात मिळत्याजुळत्या नावांच्या योजना असतात, आणि चुकीच्या योजनेची यादी उघडली तर पुढची सगळी मेहनत वाया.

३. फंड घराण्याच्या संकेतस्थळावरून त्या योजनेचा मासिक पोर्टफोलिओ उतरवून घ्या. महिना संपल्यावर दहा दिवसांत तो टाकावाच लागतो. फॅक्टशीट मात्र घेऊ नका. रंगीत आणि देखणी असते, पण बहुतेकदा वरची दहाच नावं दाखवते. तुम्हाला शेवटच्या ओळीपर्यंतची एक्सेल यादी हवी.

४. त्या यादीत तेल-वायू, संरक्षण साहित्य, बंदरं, दूरसंचार, पोलाद आणि इलेक्ट्रॉनिक्स या क्षेत्रांतल्या कंपन्यांखाली रेघ मारा. साबण, बिस्किटं आज सोडून द्या. इंडेक्स फंडवाल्यांनी ‘आपलं काय, आपण तर आख्खा बाजार घेतो’ म्हणून उठू नये. ओएनजीसी, भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि अदाणी पोर्ट्स ही तिन्ही नावं निफ्टी ५० मध्ये आलेली आहेत. निर्देशांकातली नावं बदलत राहतात, म्हणून या महिन्याचीच यादी धरा.

५. वहीच्या नव्या पानावर तीन नावं लिहा: म्यानमार इकॉनॉमिक होल्डिंग्ज (एमईएचएल), म्यानमार इकॉनॉमिक कॉर्पोरेशन (एमईसी), म्यानमा ऑइल अँड गॅस एंटरप्राइझ (एमओजीई). पहिल्या दोन लष्कराच्या स्वतःच्या कंपन्या. अमेरिकेने मार्च २०२१ मध्ये त्यांच्यावर निर्बंध घातले. तिसरी सरकारी तेल-वायू कंपनी, पण सरकारच लष्कराच्या मुठीत गेल्यावर तिची कमाईही तिकडेच जाते. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२२ मध्ये तिच्यावर निर्बंध लावले. तिसऱ्या नावापुढे ‘सरकारी’ असं लिहून ठेवा. तिला लष्करी कंपनी म्हणालात तर समोरचा तेवढीच चूक पकडून बाकीचं सगळं उडवून लावेल.

६. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन मंडळाचा ऑगस्ट २०१९ चा अहवाल उतरवा आणि थेट परिशिष्टांवर जा. म्यानमारच्या लष्कराच्या आर्थिक हितसंबंधांवरचा हा अहवाल इंग्रजीत आहे आणि फुकट मिळतो. लष्कराच्या मालकीच्या कंपन्या, त्यांचे परदेशी भागीदार, शस्त्रं पुरवणारे, अशा याद्याच आहेत. शस्त्रं आणि संबंधित साहित्य पुरवणाऱ्या १४ कंपन्या सात देशांतल्या, आणि त्या सात देशांत भारतही आहे. तारखेचं भान ठेवा: अहवाल सत्तापालटाच्या आधीचा आहे. त्यात नाव सापडलं तर ‘संशय’ लिहा, ‘सिद्ध’ लिहू नका.

७. मे २०२३ चा दुसरा अहवाल त्याच्या शेजारी उघडा. हा संयुक्त राष्ट्रांचे म्यानमारसाठीचे विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांचा. सत्तापालटानंतर लष्कराकडे गेलेल्या शस्त्रांचा आणि सामग्रीचा हिशेब त्यात आहे: एकूण किमान १०० कोटी डॉलर, त्यांपैकी भारतातल्या पुरवठादारांकडून सुमारे ५ कोटी १० लाख. भारत इलेक्ट्रॉनिक्सचं नाव त्यात आहे. आकडा वहीत लिहिताना डॉलर की रुपये ते लिहायला विसरू नका.

८. रेघ मारलेल्या प्रत्येक कंपनीचे २०२०-२१ पासूनचे वार्षिक अहवाल बीएसईच्या संकेतस्थळावरून काढा. एकाच वर्षाचा घेऊन थांबू नका. करार एका वर्षी दिसतो आणि पुढच्या वर्षी तळटीपेत जाऊन बसतो.

९. कंट्रोल आणि एफ दाबून इंग्रजीत ‘म्यानमार’ शोधा. मग तिथल्या ठिकाणांची नावं: ‘यांगून’, ‘राखाइन’, ‘सितवे’, ‘चाउकप्यू’. एकही सापडलं नाही तर लगेच सुटकेचा निःश्वास टाकू नका. फाइल स्कॅन केलेली असेल तर शोधपेटीला काहीच दिसत नाही. आधी ‘कंपनी’ हा शब्द शोधून बघा. तोही सापडला नाही, तर पानं हाताने चाळायची.

१०. उपकंपन्यांचा तक्ता काढा. ‘एओसी-१’ नावाने तो अहवालाच्या शेवटाकडे असतो, अक्षर मुंगीएवढं. नाव, देश आणि हिस्सा हे तीनच रकाने वाचा. देशाच्या रकान्यात सिंगापूर दिसलं म्हणून ओळ सोडून देऊ नका. म्यानमारमधला प्रकल्प सिंगापूरच्या कंपनीमार्फत चालवला जाऊ शकतो.

११. जे सापडलं त्यापुढे नात्याचा प्रकार लिहा. घाई करायची नाही ती इथे. चार खुणा ठरवा.

‘श’ म्हणजे शस्त्रं किंवा लष्करी उपकरणं विकली. ही सगळ्यात जड खूण. नॉर्वेच्या सरकारी पेन्शन फंडाने भारत इलेक्ट्रॉनिक्सला आपल्या गुंतवणुकीतून वगळलं ते म्यानमारला होणाऱ्या पुरवठ्याच्या कारणानेच.

‘भा’ म्हणजे भागीदारी. जपानच्या किरीन या बिअर कंपनीचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा: जानेवारी २०२३ पर्यंत म्यानमार ब्रुअरीत ५१ टक्के किरीनचे होते, उरलेले ४९ टक्के एमईएचएलचे. बिअरच्या बाटलीमागच्या नफ्याचा जवळजवळ निम्मा वाटा लष्कराच्या कंपनीकडे जायचा.

‘ज’ म्हणजे जमिनीचं भाडं. अदाणी पोर्ट्सचं यांगूनमधलं अहलोन टर्मिनल या खुणेत येतं. तिथली जमीन एमईसीकडून भाडेपट्ट्याने घेतलेली होती. एप्रिल २०२१ मध्ये एस अँड पी डाउ जोन्सने कंपनीला आपल्या शाश्वतता निर्देशांकातून काढलं, आणि त्याच वर्षी जूनमध्ये नॉर्वेच्या केएलपी या पेन्शन संस्थेने शेअर विकून टाकले.

‘म’ म्हणजे सरकारी महसुलातून जाणारा पैसा. राखाइनच्या किनाऱ्याजवळच्या श्वे वायुक्षेत्रात दक्षिण कोरियाच्या पोस्कोचा हिस्सा ५१ टक्के, ओएनजीसीची उपकंपनी ओएनजीसी विदेशचा १७, एमओजीईचा १५, आणि गेल व कोरियाचीच कोगॅस यांचे प्रत्येकी साडेआठ. ओएनजीसी किंवा गेलचा शेअर तुमच्या फंडात असेल, तर या वायूत तुमचाही कणभर वाटा आहे.

धोक्याची पाटी वाचा: ‘म्यानमारशी धंदा’ आणि ‘लष्कराशी धंदा’ एक नव्हे. तुमच्या घरातल्या इडलीतला उडीद म्यानमारचा असू शकतो. भारताने २०२१ मध्ये दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर तिथून घ्यायचा करार केला होता. वाशीच्या बाजारातल्या आयातदारालाही याच खुणांमध्ये कोंबलंत, तर चार खुणांना काही अर्थ उरणार नाही. लष्करापर्यंतची वाट कागदावर दिसली तरच खूण करा.

१२. ‘आम्ही बाहेर पडलो’ असं कंपनी म्हणत असेल, तर कोणाला विकून बाहेर पडली ते शोधा. शेअर बाजाराकडे केलेल्या घोषणा बीएसईवर तारखेनुसार मिळतात. अदाणी पोर्ट्सने ऑक्टोबर २०२१ मध्ये बाहेर पडायचं जाहीर केलं. विक्री पूर्ण झाली मे २०२३ मध्ये, ३ कोटी डॉलरला. आधी ठरलेली किंमत २६ कोटी होती. किरीनने जानेवारी २०२३ मध्ये आपले शेअर म्यानमार ब्रुअरीलाच परत विकले, म्हणजे मागे मालक उरली एमईएचएल. नॉर्वेच्या टेलिनॉरने मोबाइल व्यवसाय लेबनॉनच्या एम१ समूहाला दिला, तेव्हा ग्राहकांच्या फोनच्या नोंदी लष्कराच्या हाती पडतील म्हणून तिथल्या कार्यकर्त्यांनी आरडाओरडा केला. बाहेर पडणं हे नेहमीच हात धुऊन बाहेर पडणं नसतं. विकल्याची तारीख आणि घेणाऱ्याचं नाव, दोन्ही लिहा.

१३. नॉर्वेच्या सरकारी पेन्शन फंडाची वगळलेल्या कंपन्यांची यादी उघडून नावं ताडून पाहा. संकेतस्थळावर ती खुली आहे. कारणाचा रकाना वाचल्याशिवाय नाचू नका. कोल इंडियाही त्या यादीत आहे, पण कोळशामुळे. भेल आहे ती बांगलादेशातल्या रामपाल वीज प्रकल्पामुळे. आपल्या कामाचा तिथे काही संबंध नाही.

१४. कंपनीच्या बीआरएसआर अहवालातलं (व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांवरचा अहवाल) पाचवं तत्त्व उघडा, मानवी हक्कांचं. पाच मिनिटांत उरकेल. तिथे बहुतेक वेळा ‘इतक्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिलं’ असे टक्के भेटतात, म्यानमार भेटत नाही. नाही भेटला तर तसंच लिहा.

१५. सरकारी कंपनी असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. ओएनजीसी विदेश, गेल, भारत इलेक्ट्रॉनिक्स, तिघींनाही हा कायदा लागू आहे. केंद्राच्या आरटीआय पोर्टलवर दहा रुपये भरून घरबसल्या अर्ज जातो. मजकूर ३००० अक्षरांत बसवायचा. प्रश्न असा असावा: ‘१ एप्रिल २०२१ पासून आजपर्यंत एमओजीईला दिलेल्या रकमा, वर्षनिहाय आणि कारणनिहाय.’ किंवा: ‘या काळात म्यानमारमधील खरेदीदारांना निर्यात केलेल्या वस्तूंची यादी, मूल्य आणि तारखा.’ ‘तुम्ही असं का करता?’ कधीच विचारू नका. ‘का’चं उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधलेला नाही, आणि तेवढ्या एका शब्दावर तो आख्खा अर्ज परत धाडेल. मागायची ती कागदात असलेली माहिती, मत नव्हे.

१६. अर्जाची तारीख कॅलेंडरवर टाका आणि तीस दिवस मोजा. उत्तर नाही आलं, किंवा ‘व्यापारी गोपनीयता, कलम ८(१)(ड)’ असा शिक्का येऊन पडला, तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. त्याला फी नाही. त्याच कलमात व्यापक सार्वजनिक हिताचा अपवाद आहे, तो शब्दशः उचलून अपिलात घाला. तारीख उलटली तर मुद्दा कितीही चांगला असो, अपील फेटाळायला आयतं कारण मिळतं.

१७. खासगी कंपनी असेल तर गुंतवणूकदार संपर्क विभागाला ईमेल करा. दोन प्रश्न, चार ओळी, बास. ‘तुमच्या हाताला रक्त लागलं आहे’ असलं काही लिहू नका. असा मेल त्या कार्यालयात कोणी वाचत नाही. ‘एमईसीला २०२१-२२ मध्ये भाडेपट्ट्यापोटी काही रक्कम दिली का, दिली असल्यास किती?’ हा प्रश्न मात्र वाचल्यावर कोणाला तरी उत्तर द्यावं की टाळावं हे ठरवावं लागतं. टाळलं तर ते टाळणंही वहीत जातं.

१८. तुमच्या नावावर थेट शेअर असतील तर वार्षिक सर्वसाधारण सभेत बोलण्यासाठी नाव नोंदवा. आता बऱ्याच सभा व्हिडिओवर होतात, त्यामुळे गावी बसूनही बोलता येतं. सूचना किमान २१ दिवस आधी येते आणि वक्ता म्हणून नोंदणीची मुदत तिच्यातच लिहिलेली असते. ती सूचना स्पॅममध्ये जाते, तिथे आधीच डोकावून ठेवा. आणि फंडाचे युनिट असणं म्हणजे शेअरधारक असणं नव्हे. सभेला तुम्हाला कोणी आत घेणार नाही.

१९. फक्त फंडाचे युनिट असतील तर फंड घराण्यालाच लिहा. सेबीच्या नियमाने जुलै २०२० पासून फंडांना ज्या कंपन्यांत पैसा घातला त्यांच्याकडे लक्ष ठेवायचं धोरण पाळावं लागतं, आणि सभांमध्ये मत कसं दिलं तेही जाहीर करावं लागतं. म्यानमारबाबत कंपनीला काही विचारलंत का, असं सरळ विचारा. इंडेक्स फंडाकडून उत्तर येईल की आम्ही नुसता निर्देशांक पाळतो. खरं आहे, पण मत तेही देतात. त्या मतांची यादी मागा.

२०. विकायचं की ठेवायचं हे उत्तरं आल्यावर ठरवा. माझं विचाराल तर ‘श’ची खूण असेल तिथून मी निघेन, आणि ‘म’ असेल तिथे राहून प्रश्न विचारत राहीन. विकून टाकलं की सभेत बोलायची खुर्चीही जाते. तुमचं गणित वेगळं असू शकतं.

२१. विकायचं ठरलं तर आधी एक्झिट लोड (लवकर बाहेर पडल्याचं शुल्क) आणि कर काढा. इक्विटी फंडाचे युनिट वर्षाच्या आत विकले तर नफ्यावर २० टक्के. वर्षानंतर विकले तर वर्षाकाठी सव्वा लाखापर्यंतचा नफा मोकळा आणि त्यावरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. ‘स्विच’चं बटण दाबलं तरी आयकराच्या हिशेबी ती विक्रीच. आणि एसआयपी बंद केली म्हणजे जुने युनिट विकले गेले असं होत नाही, ते त्याच योजनेत तसेच पडून राहतात. त्यांची रिडेम्प्शनची विनंती वेगळी टाका.