मोटारीचे ‘ट्यूनिंग’ आणि वॉरंटीचा करार

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

‘वॉरंटी’ हा शब्द वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला प्रथम भेटतो तो 1930 च्या मालविक्री कायद्याच्या 12 व्या कलमात. तेथे ‘अट’ आणि ‘वॉरंटी’ असा भेद केलेला आहे. अट ही कराराच्या मुळाशी असते. ती मोडली तर ग्राहकाला करारच झुगारून देता येतो. वॉरंटी ही मुख्य हेतूला जोडून आलेली दुय्यम बोली. ती मोडली तर नुकसानभरपाई मागता येते, पण तेवढ्यावरून माल नाकारता येत नाही. ‘गॅरंटी’ ही आणखी निराळी. तो 1872 च्या करार कायद्यातील धनको, ऋणको आणि जामीन या तिघांचा करार. अर्थात् 2023 पासून आपल्या कर्नाटकात ‘ग्यारंटी’ हा शब्द पाच सरकारी योजनांमुळे घरोघरी पोहोचला असल्याने, त्याची व्याख्या विचारली तर निम्मा वर्ग ‘गृहलक्ष्मी’ असे उत्तर देईल! असो.

परीक्षेपुरते हे पाठ करून भागते. परंतु हा भेद केवळ पुस्तकातला नाही, तो आपल्या कॉलेजच्या पार्किंगमध्येही उभा असतो, हे मला पटले ते मोटारीच्या ‘रिमॅप’ नावाच्या प्रकारामुळे. वडिलांच्या नव्या गाडीचा पिकअप वाढविण्यासाठी इंजिनाच्या संगणकातील आज्ञावली बदलून घेणे, असा हा प्रकार आहे. बेंगळुरू, पुणे, कोल्हापूर येथे ही कामे होतात. आमच्या बेळगाव-निपाणी भागातील तरुणही ती करून घेतात. त्यात मिळते काय आणि जाते काय, याचा हिशेब वाणिज्याच्या विद्यार्थ्याने मांडून पाहावयास हवा.

यंत्राशी खेळणे हे बेळगावला नवे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये सायकलचे दुकान काढले ते येथेच; 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली ती त्यानंतर. उद्यमबागेतील फौंड्री आणि लेथ यांच्या आवाजात वाढलेल्या मुलाला इंजिन ‘जसेच्या तसे’ ठेवणे जड जाते, यात नवल नाही. पूर्वी मिस्त्री कार्ब्युरेटरचा स्क्रू अर्धा आटा फिरवून, कान लावून इंजिनाचा सूर जुळवीत असे. तोही ट्यूनिंगचाच प्रकार. फरक एवढाच की त्या स्क्रूला स्मरणशक्ती नव्हती.

आजच्या गाडीत तो स्क्रू राहिलेला नाही. त्याची जागा ‘ईसीयू’ या छोट्या संगणकाने घेतली आहे. इंजिनाचे फेरे किती, पायाखालचा दाब किती, हवा किती गरम, हे पाहून किती डिझेल सोडावयाचे, केव्हा सोडावयाचे आणि टर्बोने हवेचा दाब किती वाढवावयाचा, हे तो ठरवितो. हे सर्व आकड्यांच्या कोष्टकांत लिहिलेले असते. त्या कोष्टकांना ‘मॅप’ म्हणतात. ट्यूनिंगचा प्रोग्रामर म्हणजे हातात मावेल असे एक यंत्र. स्टिअरिंगखाली, जेथे शोरूमवाले स्कॅनर लावतात, त्याच सॉकेटला ते जोडावयाचे. ते कंपनीची कोष्टके वाचून बाजूला ठेवते आणि नवी कोष्टके लिहिते. दुसरा प्रकार ‘ट्यूनिंग बॉक्स’चा. तो डिझेलचा दाब मोजणारा सेन्सर आणि ईसीयू यांच्या मध्ये बसतो आणि दाब आहे त्यापेक्षा कमी आहे असे ईसीयूला खोटेच कळवितो. बिचारा ईसीयू मग दाब वाढवीत राहतो.

टर्बो असलेल्या डिझेल इंजिनात या युक्तीने ताकद सहज जाणवेल इतकी वाढते. टर्बो नसलेल्या साध्या पेट्रोल इंजिनात फारसे काही हाती लागत नाही. येथे ट्यूनिंगवाल्यांचा एक आवडता दाखला आहे. फियाटचे 1248 सीसीचे मल्टिजेट इंजिन आपल्याकडे अनेक गाड्यांत बसविले जाई. स्विफ्टमध्ये ते 75 अश्वशक्तीचे, तर तेच अर्टिगामध्ये 90 अश्वशक्तीचे होते. “बघा, इंजिन तेच, कंपनीने मुद्दाम दाबून ठेवले आहे,” असे सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. 90 च्या इंजिनाला पाती हलणारा निराळा टर्बो होता; नुसते आकडे बदलून ते काम झाले नव्हते.

मग कंपनी काही राखून ठेवते हे खोटे काय? नाही, ते खरेच आहे. परंतु ती राखण कशासाठी असते हे पाहिले पाहिजे. राजस्थानचा उन्हाळा, भेसळीचे इंधन, वेळेवर न बदललेले ऑइल, तवंदी घाटात दुसऱ्या गिअरवर भरगच्च गाडी ओढणारा चालक, या सर्वांना पुरून उरावे म्हणून ती असते. हिशेबाच्या भाषेत बोलावयाचे तर तो कंपनीचा राखीव निधी होय. ट्यूनिंग करणारा तो निधी काढून लाभांश म्हणून वाटतो. लाभांश पहिल्या दिवशीच मिळतो आणि सर्वांना आवडतो. निधी आटल्याचे मात्र उशिरा कळते. प्रथम क्लच प्लेट घसरू लागते, धुराची तापमाने वाढून टर्बो थकतो, नव्या गाड्यांतील काजळी अडविणारी गाळणी तुंबते.

आणि वॉरंटी म्हणजे याच राखीव निधीच्या भरवशावर कंपनीने दिलेले वचन. त्या वचनाची किंमत गाडीच्या किमतीत आपण आधीच मोजलेली असते. मारुतीने जुलै 2024 मध्ये आपली मूळ वॉरंटी 2 वर्षे अथवा 40,000 किलोमीटरवरून 3 वर्षे अथवा 1,00,000 किलोमीटर केली. किती इंजिने किती अंतरावर बिघडतात याचा अंदाज बांधल्यावाचून कोणतीही कंपनी असे करणार नाही. तो अंदाज तिच्या स्वतःच्या कोष्टकांवर चालणाऱ्या इंजिनांचा असतो. दुसऱ्याने लिहिलेल्या कोष्टकांवर धावणारे इंजिन हे, बाहेरून तसेच दिसले तरी, त्या अंदाजातले इंजिन नव्हे.

“सर्व्हिसिंगच्या आधी मूळ फाइल परत टाकली की झाले, कोणाला कळणार?” हा प्रश्न हमखास ऐकू येतो. अनेक ईसीयूंमध्ये आज्ञावली किती वेळा लिहिली गेली याची मोजणी आत नोंदलेली राहते. शोरूमच्या नोंदींत एकदा लेखन आणि गाडीच्या पोटात तीनदा, असे दिसले की बाकीचे दोन कोणी केले हा प्रश्न आलाच. शिवाय आज्ञावलीला स्वतःचा एक पडताळणी क्रमांक असतो. आतला एक आकडा बदलला तरी तो क्रमांक जुळत नाही. उलटही घडते. शोरूमने कंपनीची नवी आज्ञावली चढविली की पैसे मोजून केलेले रिमॅप नकळत पुसले जाते.

आता करारातील शब्दांकडे वळू. वॉरंटीच्या पुस्तिकेतील अपवादांचे कलम सहसा कोणी वाचीत नाही. पण सर्व भार त्यावरच असतो. ‘फेरफारामुळे उद्भवलेल्या बिघाडास वॉरंटी लागू नाही’ अशी एक शब्दयोजना असते. ‘फेरफार केलेल्या वाहनास वॉरंटी लागू नाही’ अशी दुसरी. कानाला दोन्ही सारखीच वाटतात. पहिलीत बिघाड आणि फेरफार यांचा कार्यकारणसंबंध असावा लागतो. म्हणजे रिमॅप केलेल्या गाडीची खिडकीची मोटर जळाली, तर कंपनीला हात झटकता येऊ नयेत. दुसरीत मात्र फेरफार दिसला की संपूर्ण वचनच संपते. अमेरिकेत 1975 च्या मॅग्नसन-मॉस कायद्याच्या आधारे, केवळ बाहेरचा भाग बसविला एवढ्यावरून कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही. बिघाड त्यामुळेच झाला हे दाखवावे लागते. आपल्याकडे वॉरंटीसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. त्यामुळे पुस्तिकेतील शब्द आणि 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा, एवढीच ग्राहकाची शिदोरी.

या 2019 च्या कायद्यात ग्राहकाच्या बाजूचे पुष्कळ आहे. तथापि 87 वे कलम वाचताना थांबावे लागते. वस्तूने अपाय केला त्या वेळी तिचा गैरवापर झालेला असेल अथवा तिच्यात फेरफार केलेला असेल, तर विक्रेत्यावर उत्पादन-दायित्वाचा दावा लावता येत नाही, असे ते सांगते. शिवाय ‘अपाय’ या शब्दाच्या व्याख्येतून खुद्द त्या वस्तूचे झालेले नुकसान वगळलेले आहे. जळालेल्या टर्बोसाठी हा मार्ग नव्हेच. तेथे ‘दोष’ अथवा ‘सेवेतील उणीव’ म्हणूनच तक्रार करावी लागते.

माझ्या मते खरे नुकसान याहून सूक्ष्म आहे. ट्यूनिंगपूर्वी ग्राहकाने ‘मुदतीत भाग बिघडला’ एवढे दाखविले की पुरे होते. का बिघडला हे शोधण्याची डोकेदुखी कंपनीची. ट्यूनिंगनंतर तीच डोकेदुखी ग्राहकाच्या घरी येते. बिघाड रिमॅपमुळे झाला नाही हे आता त्याला दाखवावयाचे असते, आणि पुरावा उकललेल्या इंजिनात शोरूमच्या टेबलावर पडलेला असतो. कायद्याच्या 38 व्या कलमाखाली आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो; पण तिचे शुल्क तक्रारदाराने भरावयाचे.

माझ्या एका वर्गमित्राचे मामा निपाणीस राहतात. मालाच्या खरेदीसाठी त्यांची डिझेल गाडी रोज घाट चढते. गाडी पतसंस्थेच्या कर्जावर घेतलेली. घाटात ओढ कमी पडते म्हणून त्यांनी रिमॅप करून घेतले, आणि वर्षभर खूशही होते. मग टर्बो गेला. शोरूमने संगणक लावला आणि वॉरंटी तोंडीच नाकारली. ट्यूनिंगवाला म्हणाला, “मी सॉफ्टवेअरचे पैसे घेतले, टर्बोचे नाही.”

“मामा, काम करताना काही लिहून घेतलं नाही काय?” मी विचारले.

“अरे, ओळखीचा माणूस. त्याच्याकडं कागद कशाला मागायचा?”

या दोन वाक्यांत सगळे आले. कंपनीचे लेखी वचन गेले, आणि त्याच्या जागी दुसरे कोणतेही वचन आले नाही. टर्बो गेला तरी पतसंस्थेचा हप्ता काही थांबला नाही.

आकडेमोड करून पाहू. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. समजा, मुदतीत मोठा बिघाड होण्याचा संभव शंभरात पाच आणि त्याचा खर्च 1,00,000 रुपये. सरासरी अपेक्षित तोटा 5,000 रुपये. ‘पाच हजारांत एवढा पिकअप, स्वस्तच की,’ असे कोणी म्हणेल. परंतु सरासरीचा नियम लाखो गाड्या असणाऱ्या कंपनीसाठी खरा. ज्याच्या दारात एकच गाडी आहे त्याला 5,000 चा तोटा कधीच होत नाही. एक तर शून्य होतो, नाही तर एक लाख. विम्याचे सारे शास्त्र या एका गोष्टीवर उभे आहे. खेरीज रिमॅपने तो शंभरातला पाच हा आकडाही वाढतो, ते निराळेच.

विम्याचा विषय निघालाच आहे तर, मोटारविमा हा परम सद्भावाचा करार आहे. इंजिनाची ताकद वाढविल्याचे विमा कंपनीस न कळविणे ही महत्त्वाची वस्तुस्थिती दडविणे ठरू शकते. मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम काटेकोरपणे वाचले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने 182-अ कलमात, परवानगीवाचून केलेल्या प्रत्येक फेरफारास 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा दोन्ही, अशी तरतूद आली. “माझी पीयूसी पास आहे” हे उत्तर येथे पुरत नाही. डिझेल गाडीच्या पीयूसीत केवळ धुराचा काळेपणा मोजतात. नायट्रोजनची ऑक्साइडे त्यात येत नाहीत. 2015 मध्ये फोक्सवॅगनचे जे जगभर गाजले ते याच वायूंविषयी, आणि तेही आज्ञावलीतल्या लबाडीमुळेच. त्या डिसेंबरात कंपनीने भारतातील 3,23,700 गाड्या परत बोलावल्याचे जाहीर केले. उत्पादकाने केलेली लबाडी जर इतकी महाग पडते, तर गल्लीतल्या फेरफाराला कायदा अधिक प्रेमाने का वागवील?

ज्यांना तरीही हौस आहे त्यांनी निदान मुदत संपेपर्यंत थांबावे, आणि मग ट्यूनिंगवाल्याकडून पक्के बिल, मूळ फाइलची प्रत आणि जबाबदारीचे दोन ओळींचे लेखी घ्यावे. जो हे देण्यास कचरतो त्याला स्वतःच्या कामाची किती खात्री आहे ते तेथेच समजते.

आपल्या सीमाभागाला उपयोगी अशी एक तरतूद सांगावयाची राहिली. आमच्याकडे KA-23 च्या गावात राहून गाडी MH-09 च्या शोरूममधून घेणारे कमी नाहीत. 1986 च्या जुन्या ग्राहक कायद्यात बहुधा विक्रेत्याच्या जिल्ह्यात जावे लागे. 2019 च्या कायद्याच्या 34 व्या कलमानुसार तक्रारदार जेथे राहतो अथवा काम करतो तेथेही तक्रार करता येते. म्हणजे कोल्हापूरची गाडी आणि बेळगावचा जिल्हा आयोग, हे आता चालते. दिलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग पुरेसा. 5 ते 10 लाखांच्या गाडीला शुल्क अवघे 200 रुपये. मुदत मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांची. वर्गमित्राच्या मामांना नकार तोंडी मिळाला होता. तो कोणत्या कलमान्वये आणि कोणत्या तपासणीवरून दिला, हे लेखी कळवावे असा अर्ज आम्ही दोघांनी मिळून त्यांना लिहून दिला आहे. तो गेल्या आठवड्यात पोस्टाने रवाना झाला, आणि पोहोच यावयाची आहे.