पॅटर्न नाणं घेताय? आधी वरखर्च मांडा

बडोद्यात मांजलपूरच्या कितीतरी मराठी घरांत लक्ष्मीपूजनाच्या ताटात राणीछाप रुपया असतो. तिथून नाद लागला की एक दिवस 'पॅटर्न' समोर येतं: नव्या नाण्याचा नमुना म्हणून टांकसाळीनं पाडलेलं, पण त्या रूपात चलनात न आलेलं चाचणी नाणं. ते घेण्याआधी हिशेब असा करावा.

धातूची किंमत : 1835 ते 1939 या काळातल्या रुपयाचं वजन 11.66 ग्रॅम, त्यात शुद्ध चांदी 10.69 ग्रॅम. चांदी ग्रॅमला 100 रुपये धरली, तर 1,069 रुपये. त्या दिवशीचा दर मांडवीच्या सराफाकडे विचारा. 1940 ते 1945 च्या रुपयात चांदी निम्मीच आहे. या किमतीवर आपण देतो ते दुर्मीळपणाचे पैसे.

ओरिजिनल की रीस्ट्राइक : खरा फरक इथे पडतो. कोलकाता आणि मुंबईच्या टांकसाळींनी संग्राहकांसाठी जुन्या डायवरून (ठशावरून) पुन्हा नाणी पाडून दिली; तीच रीस्ट्राइक. मुंबईत हे 1970 पर्यंत चाललं. चौथ्या विल्यमचं 1835 सालचं सिंह-ताड छापाचं दोन मोहरांचं नाणं दोन्ही रूपांत मिळतं. साल तेच, पण ओरिजिनलचा भाव कितीतरी पट. भिंगाखाली पृष्ठभागावर बारीक उंच पुटकुळ्या दिसल्या, तर गंजलेल्या जुन्या डायवरून पाडलेल्या रीस्ट्राइकचा संशय घ्या. विक्रेत्याला प्रिडमोरच्या (ब्रिटिश अमदानीतल्या नाण्यांच्या) सूचीतला क्रमांक विचारा.

लिलावाचा वरखर्च : 1,00,000 ला बोली सुटली. खरेदीदाराचं कमिशन 15 टक्के धरा, म्हणजे 15,000. दोन्हींवर 5 टक्के जीएसटी धरला तर 5,750. विम्यासह कुरियर 1,500. एकूण 1,22,250. हे आकडे नमुन्यादाखल आहेत. खरे दर सूचीपत्रातल्या अटींत असतात. बोली लावताना एकूण रक्कम डोक्यात ठेवा.

साहित्य : शतांश ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा आणि दहापट भिंग, दोन्ही काही शे रुपयांत. पीव्हीसीच्या पाकिटात नाणं हिरवट पडतं; ते टाळा. नाणं घासून चकचकीत करू नका, भाव तिथेच पडतो.

कायदा : शंभर वर्षं झालेलं नाणं 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येतं आणि खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणून ग्रेडिंगसाठी, म्हणजे दर्जा ठरवून घेण्यासाठी, परस्पर परदेशी कुरियर करू नका. आधीच ग्रेडिंग होऊन सीलबंद झालेलं नाणं घ्यायचं, तर त्याचा क्रमांक ग्रेडिंग कंपनीच्या संकेतस्थळावर पडताळा.

बजेट लहान असेल, तर सयाजीराव महाराजांची छबी असलेला, विक्रम संवताचा यंत्रावर पाडलेला रुपया घेऊन हात बसवा. पॅटर्न मात्र पक्क्या बिलावरच घ्या. बिलावर 'ओरिजिनल' असं लिहून द्यायला विक्रेता कचरत असेल, तर रीस्ट्राइकच्या भावानंच मागा, नाहीतर सोडून द्या.