हॉकी : वर चढायचं की आधी खेळायचं?

यंदा आमच्या हॉकी टीमची मीटिंग कॅन्टीनमध्ये झाली, कारण ग्राउंडवर गुडघाभर पाणी! तेरापैकी नऊ जण हजर. चहा येईपर्यंत कॅप्टनने विषय काढला, "इंजिनीअरिंगवाल्यांशी खेळणं पुरे झालं. पुढच्या वर्षी नागपूरच्या खुल्या स्पर्धेत उतरू." खुल्या स्पर्धेत म्हणजे क्लबच्या, नोकरीवाल्यांच्या टीम. चहा संपायच्या आत दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणे, मोठ्यांशी खेळल्याशिवाय गेम सुधारत नाही. दुसरी म्हणे, दहा गोल खाऊन आलो तर पुढच्या वर्षी टीमच राहणार नाही. मी सेक्रेटरी, म्हणून अभ्यास करायचं काम माझ्या गळ्यात! मित्रांनो, तोच अभ्यास इथे मांडतो आहे.

लहान कॉलेजने वरच्या श्रेणीत जावं का, हा प्रश्न अमेरिकेत नेहमीचा आहे. तिथली कॉलेज हॉकी बर्फावरची, पण कॉलेजांची डोकेदुखी आपल्यासारखीच. पहिलं उदाहरण आपल्या बिरादरीतलं : रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. १९८५ मध्ये ही टीम तिसऱ्या श्रेणीत राष्ट्रीय विजेती होती. २००५ मध्ये पोरं पहिल्या श्रेणीत गेली, आणि २०१० मध्ये डेन्व्हर आणि न्यू हॅम्पशायरला हरवून देशातल्या शेवटच्या चारांत पोचली. तेव्हा त्यांना खेळाची स्कॉलरशिप द्यायलाही परवानगी नव्हती. सेमीफायनलला विस्कॉन्सिनने ८-१ ने धुतलं, हेही सांगून टाकतो. आमची पहिली पार्टी एवढ्यावरच टाळ्या वाजवायला लागली होती.

पण दुसरं उदाहरण ऐका. न्यूयॉर्क राज्यातलं युनियन कॉलेज. विद्यार्थी साधारण दोन हजार. ते १९९१ मध्ये पहिल्या श्रेणीत आलं. राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्यांदा जागा मिळाली कधी? २०११ मध्ये! तब्बल वीस वर्षं. मग २०१४ मध्ये मिनेसोटासारख्या अवाढव्य युनिव्हर्सिटीला ७-४ ने हरवून अजिंक्यपद. त्या फोटोतल्या पोरांपैकी काहींचा टीम वर चढली तेव्हा जन्मसुद्धा झाला नव्हता. मधल्या वीस वर्षांत जे खेळले आणि पास होऊन गेले, त्यांना काय मिळालं? मला वाटतं, भरपूर मॅचेस मिळाल्या, आणि ते काही कमी नाही.

तिसरं उदाहरण वाचून मात्र मी गप्प झालो. अलाबामा राज्यातली हंट्सव्हिलची युनिव्हर्सिटी. १९९६ आणि १९९८ मध्ये दुसऱ्या श्रेणीतलं राष्ट्रीय विजेतेपद, मग वर. मे २०२० मध्ये खर्च परवडत नाही म्हणून टीम बंद केली. माजी विद्यार्थ्यांनी आणि चाहत्यांनी काही दिवसांत पैसे गोळा करून ती वाचवली. आणि तरी २०२१ मध्ये पुन्हा बंद! का? त्यांच्या लीगमधल्या सात कॉलेजांनी बाहेर पडून वेगळी लीग काढली, आणि हंट्सव्हिलला कुठल्याच लीगमध्ये जागा मिळाली नाही. म्हणजे पैसा जमला, पण खेळायचं कोणाशी?

इथे माझी ट्यूब पेटली. तिथे पहिल्या श्रेणीच्या टीमला नियमित सीझनमध्ये ३४ पर्यंत मॅचेस खेळता येतात, तिसऱ्या श्रेणीच्या टीमला २५ पर्यंत. खालची टीमसुद्धा पंचवीस! आणि आम्ही? आम्ही खेळतो ती स्पर्धा बाद पद्धतीची. गेल्या दोन वर्षांत एकूण तीन मॅचेस. खालची श्रेणीसुद्धा आमच्यापाशी नाही, तर वरच्या श्रेणीत कुठून जाणार?

शिवाय आपल्याकडची शिडीच वेगळी आहे. कॉलेजची टीम वर जातच नाही, खेळाडू जातो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून युनिव्हर्सिटीची टीम निवडतात, ती पश्चिम विभागात खेळते, प्रत्येक विभागातल्या पहिल्या चार टीम अखिल भारतीय स्पर्धेला जातात. श्रेणी बदलण्याची भानगड आहे ती राज्यांच्या टीमसाठी. हॉकी इंडियाने २०२५ पासून सीनियर राष्ट्रीय स्पर्धेत ए, बी, सी असे गट करून वर-खाली होण्याची पद्धत आणली. वर्ध्याच्या कॉलेजला यातलं काहीच लागू नाही. आता सांगा, एका मॅचमध्ये बाद झालेल्या टीममधला चांगला राइट-हाफ निवड समितीला दिसणार तरी किती वेळ? सत्तर मिनिटं. तीही पूर्ण नाहीत, कारण आता पंधरा-पंधरा मिनिटांचे चार क्वार्टर झाले आहेत.

थोडं गणित (आपला धर्मच तो!). आठ टीमची बाद स्पर्धा म्हणजे ७ मॅचेस, आणि चार टीम पहिल्याच दिवशी एसटीत. सगळे सगळ्यांशी खेळले तर २८ मॅचेस. सबमिशन आणि प्रॅक्टिकल सांभाळून ते अशक्य. पण चार-चारचे दोन गट केले, वर सेमीफायनल आणि फायनल, तर १५ मॅचेस होतात आणि प्रत्येकाला किमान ३ मिळतात. म्हणजे आमची दोन वर्षांची कमाई एका स्पर्धेत!

खुल्या स्पर्धेविरुद्ध माझा मुद्दा हरण्याचा नाहीच. कितीही वेळा खेळाडू बदलता येतात, म्हणून मोठ्या टीम सोळा-अठरा जण घेऊन येतात आणि दर चार-पाच मिनिटांनी ताजे फॉरवर्ड आत पाठवतात. आमचे बेंचवर दोन, त्यातला एक बॅक राहिलेल्या एम-थ्रीचं पुस्तक घेऊन बसलेला. तिसऱ्या क्वार्टरला आमचे पाय संपतात. आणि टर्फ. आम्ही मुरुमावर शिकलो. तिथे बॉल कधी उडेल याचा नेम नसतो, म्हणून आम्ही स्टिक शेवटपर्यंत खाली ठेवून वाट बघतो. टर्फवर बॉल जमिनीलगत सरळ आणि दुप्पट घाईने येतो. वाट बघायला गेलं की बॉल मागे गेलेला असतो. ऑलिम्पिकमध्ये कृत्रिम टर्फ १९७६ ला मॉन्ट्रियलमध्ये आलं तेव्हा आपला संपूर्ण देश सातवा आला होता, मग आमचं काय घेऊन बसलात!

हे सगळं मी पुढच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवलं. कॅप्टन म्हणाला, "म्हणजे जायचं नाही ना? सरळ सांग की." मी म्हटलं, जायचं, पण आधी वर्षाला आठ-दहा मॅचेस खेळून. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तो फायनल इयरला आहे, त्याच्यापाशी "आधी" नाहीच. त्याचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही.

शेवटी दिवाळीनंतर आम्ही जिल्ह्यातल्या सहा कॉलेजांना पत्रं लिहिली : जानेवारी-फेब्रुवारीत रविवारी सकाळी मॅचेस, आळीपाळीने एकमेकांच्या ग्राउंडवर, जाण्यायेण्याचा खर्च ज्याचा त्याने. स्पोर्ट्सच्या सरांनी सही केली आणि बॉलचा एक डबा देतो म्हणाले. तिघांचा होकार आला. एका कॉलेजकडे आठच मुलं आहेत, त्यांनी विचारलं, सात-सातची खेळाल का? आम्ही हो म्हटलं. कॅप्टन सगळ्या मॅचेस खेळणार आहे. खुल्या स्पर्धेचा फॉर्मही त्याने आणून ठेवला आहे, माझ्याच फाइलमध्ये.

गोलकीपरही फायनल इयरचाच. जूननंतर त्याचे पॅड्स कोण बांधणार, ते अजून ठरायचं आहे. फर्स्ट इयरच्या कोणाला इच्छा असेल त्याने हॉस्टेलवर येऊन भेटावं. हेल्मेट आमच्याकडे आहे.