ट्रेलर : पिक्चरचा नाही, ट्रॅक्टरचा
(तृतीय वर्ष, यांत्रिकी)

ट्रेलर म्हटलं की हॉस्टेलमध्ये बहुतेकांना पिक्चरचा ट्रेलर आठवतो. या लेखातला ट्रेलर मात्र मोटार वाहन कायदा, १९८८ मधला आहे. त्या कायद्याच्या दुसऱ्या कलमात सरळ व्याख्या दिली आहे : मोटार वाहनाने ओढलेलं किंवा ओढण्यासाठी बनवलेलं कोणतंही वाहन म्हणजे ट्रेलर, फक्त सेमी-ट्रेलर आणि साइडकार सोडून. सेमी-ट्रेलर वेगळा, कारण त्याचा काही भार पुढच्या गाडीवर टेकलेला असतो. हायवेवर लांबलचक कंटेनर दिसतात ते बहुतेक सेमी-ट्रेलर. आणि आपल्या गेटसमोरून दिवाळी झाली की उसाने भरून डुलत जातात ते खरेखुरे ट्रेलर. आपण त्यांना ट्रॉली म्हणतो, मीही पुढे तेच म्हणणार आहे.

त्याच कलमात ट्रॅक्टरचीही व्याख्या आहे आणि ती मला फार आवडली. जे वाहन स्वतः ओझं वाहण्यासाठी बनवलेलं नाही, ते ट्रॅक्टर. म्हणजे बिचारा स्वतः काही वाहत नाही, फक्त ओढतो. प्रत्येक प्रोजेक्ट ग्रुपमध्ये असा एक मेंबर असतो.

असो. विषय असा आहे की मागे ट्रेलर जोडला की बहुतेक देशांत त्या गाडीची वेगमर्यादा कमी करतात. का करतात, किती करतात, आणि त्याचा आपल्या हॉस्टेलशी काय संबंध? सेमिनारला हा विषय घेतला तेव्हा वर्गात हसू आलं होतं. पण मागच्या हंगामात आपल्याच फर्स्ट इयरची दोन मुलं रात्री मोटारसायकलवरून परत येताना रस्त्याकडेला बंद पडलेल्या ट्रॉलीवर आदळली. एकाच्या मांडीत रॉड आहे आणि त्याचं वर्ष गेलं. तेव्हापासून हसणारे थोडे कमी झालेत.

आधी बाहेरचं बघू, कारण तिथे नियम आकड्यांत मांडलेले आहेत. ब्रिटनमध्ये नुसती कार साध्या दुपदरी रस्त्यावर ताशी ६० मैल आणि मोटारवेवर ७० मैल जाऊ शकते. मागे ट्रेलर किंवा कॅराव्हॅन जोडली की हेच आकडे ५० आणि ६० होतात, म्हणजे साधारण ८० आणि ९७ किलोमीटर. शिवाय तीन किंवा जास्त लेन असलेल्या मोटारवेवर सर्वात उजवीकडची, म्हणजे ओव्हरटेक करायची लेन त्यांना बंद. अमेरिकेत कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला ५५ मैलांची मर्यादा आहे, मग बाकीचे कितीही वेगाने जावोत.

सगळ्यात मजेदार देश जर्मनी. ज्या ऑटोबानवर काही पट्ट्यांत कारला वेगमर्यादाच नाही, त्याच ऑटोबानवर ट्रेलरवाल्या कारला ताशी ८० किलोमीटरच्या वर जाता येत नाही. पण जर्मन लोक इंजिनिअर! त्यांनी यात एक परीक्षा ठेवली आहे. ती पास झालात तर ट्रेलरच्या मागे १०० आकड्याची गोल चकती लावून मिळते आणि तुम्ही शंभरने जाऊ शकता. परीक्षेत काय असतं? ओढणाऱ्या गाडीला एबीएस पाहिजे. ट्रेलरचे टायर सहा वर्षांपेक्षा जुने नकोत आणि ते ताशी १२० किलोमीटरच्या रेटिंगचे तरी पाहिजेत. आणि मुख्य म्हणजे ट्रेलरचं वजन आणि कारचं रिकामं वजन यांचं गुणोत्तर बघतात. ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नसेल तर हे गुणोत्तर ०.३ च्या वर चालत नाही. ब्रेक आणि शॉक ॲब्सॉर्बर असलेल्या कॅराव्हॅनला ०.८ पर्यंत, आणि डोलणं थांबवणारा स्टॅबिलायझर लावला तर १.० पर्यंत सूट.

हे ०.३ लक्षात ठेवा. ब्रेक नसलेला ट्रेलर कारच्या एक तृतीयांशाहूनही हलका पाहिजे, तरच वेगाची सवलत. आपल्या उसाच्या ट्रॉलीचं गुणोत्तर किती असेल? ट्रॅक्टर साधारण २ टनांचा धरा. ट्रॉली भरून १० टनांची धरा (आपल्याकडे हा आकडा जास्तच निघतो, कमी नाही). गुणोत्तर ५. शून्य पॉइंट पाच नाही, पाच!

आता ब्रेकचा हिशोब करू. अप्लाइड मेकॅनिक्सचं पहिलंच प्रकरण आहे, घाबरू नका. आपल्याकडच्या नेहमीच्या ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात. ट्रॉलीला नसतातच. मी स्वतः गेटजवळच्या चहाच्या टपरीवर एका ड्रायव्हरकाकांना विचारलं, “काका, ट्रॉलीला ब्रेक कुठं असतो?” ते म्हणाले, “ट्रॉलीला दगड असतोय ताई. थांबली की चाकाखाली लावायचा.” ही उत्तम व्याख्या मी सेमिनारमध्ये तशीच सांगितली, सरांनीही मान डोलावली.

तर मागच्या चाकांवर समजा १.६ टन भार आहे आणि टायर व डांबर यांच्यातलं घर्षण ०.६ धरलं. मिळणारा जास्तीत जास्त ब्रेकचा जोर साधारण ९,४०० न्यूटन. तो जोर एकूण १२ टनांना थांबवणार, म्हणून मंदन निघतं ०.७८ मीटर प्रति सेकंद वर्ग. चांगली मोटारसायकल कोरड्या रस्त्यावर सहज ६ देते. म्हणजे सातवा हिस्साही नाही. (यात चाकांचा रोलिंग रेझिस्टन्स धरलेला नाही, तो थोडी मदत करतो. पण ओला रस्ता आणि गुळगुळीत टायरही धरलेले नाहीत, ते जास्त नुकसान करतात.)

या मंदनाने ताशी २५ किलोमीटरने जाणारी जोडी ब्रेक लागल्यावर थांबायला ३१ मीटर घेते. ताशी ४० ने जात असेल तर ७९ मीटर. वेग दीडपटीहून थोडा जास्त, अंतर अडीचपट, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गात वाढते. आणि ही सपाट रस्त्याची गोष्ट. वीसाला एक असा उतार आला की गुरुत्वाकर्षण ०.४९ खाऊन टाकतं, उरतं ०.२९. मग ताशी २५ वरूनच थांबायला ८० मीटरच्या वर लागतात. बाराला एक उतार असेल तर उत्तर ऋण येतं. म्हणजे काय? ब्रेक पूर्ण दाबलेला आहे आणि गाडीचा वेग वाढतोच आहे! म्हणून अनुभवी ड्रायव्हर उताराच्या आधीच खालचा गिअर टाकतात आणि इंजिनलाच ब्रेक बनवतात. त्याच काकांचं वाक्य : “डिझेल वाचवायला उताराला न्यूट्रल केलं की संपलं बघा.”

ट्रॅक्टरच्या ब्रेकची आणखी एक गंमत आहे, जी मेकॅनिकलच्याही अनेकांना माहीत नसते. ब्रेकची पेडल दोन असतात, डाव्या चाकाचं वेगळं आणि उजव्याचं वेगळं. शेतात कोपऱ्यावर झटकन वळायला ते उपयोगी. पण रस्त्यावर येताना दोन्ही पेडल कडीने जोडून घ्यायची असतात. कडी लावली नाही आणि वेगात एकच दाबलं गेलं तर ट्रॅक्टर त्या बाजूला खेचला जातो आणि मागचे दहा टन सरळच ढकलत राहतात. ट्रॅक्टर आणि ट्रॉली चाकूच्या पात्यासारखे मिटतात. जॅकनाइफ म्हणतात तो हाच प्रकार.

ब्रेक सोडून दुसरं कारण म्हणजे डोलणं. ट्रेलर हा कडीला अडकवलेला आडवा लंबक आहे. हळू चालताना एखादा धक्का बसला तर त्याचं डोलणं टायरच्या घर्षणाने आपोआप विरतं. वेग वाढेल तसं हे डॅम्पिंग कमी होत जातं, आणि एका ठराविक वेगाच्या पुढे ते ऋण होतं. मग प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा. हा क्रिटिकल स्पीड ओझं कुठे ठेवलंय त्यावर ठरतो : मागच्या टोकाला जास्त वजन असेल तर तो खाली येतो. म्हणून ब्रिटनमध्ये कॅराव्हॅनवाल्यांना सांगतात की ट्रेलरच्या वजनाचा ५ ते ७ टक्के भार पुढच्या कडीवर येऊ द्या. डोलायला लागला तर ॲक्सिलरेटर अलगद सोडायचा, एवढंच. स्टिअरिंगने सावरायला गेलं की आपण लंबकाला झोका देतो. उसाची ट्रॉली एरवी या वेगापर्यंत पोचत नाही, पण रिकामी परत जाताना बघा. कारखान्यातून सुटलेली रिकामी ट्रॉली शाळा सुटल्यासारखी पळते आणि तिचं शेपूट दोन्ही बाजूंना हलत असतं. मला भरलेल्या ट्रॉलीपेक्षा रिकामीचीच जास्त भीती वाटते.

आता आपला कायदा. वेगमर्यादा कलम ११२ खाली येते आणि आकडे केंद्र सरकार अधिसूचनेने ठरवतं. जून १९८९ च्या तक्त्यात ट्रेलरसाठी खास ओळी होत्या : हलक्या वाहनामागे ८०० किलोपर्यंतचा दोन चाकी ट्रेलर असेल तर ६०, त्याहून जड किंवा जास्त चाकांचा असेल तर ५०, मध्यम वाहनाला ५० आणि जड वाहनाला ४०. म्हणजे वजन वाढेल तसा वेग कमी, आपण वर जे गणित केलं तेच. एप्रिल २०१८ च्या तक्त्याची मांडणी वेगळी आहे. तो वाहनाचा वर्ग आणि रस्त्याचा प्रकार बघतो : मालवाहू एन वर्गाला एक्सप्रेसवेवर आणि दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर ८०, शहरात आणि इतर रस्त्यांवर ६०. शेतीचा ट्रॅक्टर एम किंवा एन वर्गात मोडत नाही, आणि मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर तर त्याला प्रवेशच नाही. कलम ११२ राज्य सरकारलाही एखाद्या रस्त्यावर किंवा पुलावर याहून कमी मर्यादा घालायची मुभा देतं. वेग मोडल्याचा दंड २०१९ च्या दुरुस्तीनंतर हलक्या वाहनाला १,००० ते २,००० आणि मध्यम व जड वाहनाला २,००० ते ४,००० रुपये झाला.

जर्मनीत यावर साधा उपाय आहे. तिथे शेतीच्या कामाचं एल वर्गाचं लायसन्स असलेला माणूस ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून ताशी २५ किलोमीटरच्या वर जाऊ शकत नाही, आणि ट्रॉलीवर २५ ची पाटी असते. मागून येणाऱ्याला लांबूनच कळतं की पुढे काय चाललंय. माझ्या मते आपल्याकडे दंडापेक्षा अशा पाटीचा उपयोग जास्त होईल.

कारण आपल्या रस्त्यावर ट्रॉलीचा जास्त वेग हा अर्धाच धोका आहे. तिचा कमी वेग आणि अंधार हा उरलेला अर्धा. हिशोब करा : मोटारसायकल ताशी ६० ने येतेय. समोर काहीतरी आहे हे कळून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद, त्यात १७ मीटर गेले. मग ब्रेकने २३ मीटर. एकूण ४०. डिपरवर तेवढं लांबचं काळं, न चमकणारं काही दिसलं तर नशीब. हेच ताशी ५० ने आलात तर ३० मीटरमध्ये थांबता. दहाने वेग कमी केला तर दहा मीटर हातात येतात, आणि आपल्या त्या मुलाला तेवढे पुरले असते.

ओव्हरटेकचंही तसंच. दोन ट्रॉल्यांची गाडी सोडा, एकाच ट्रॉलीचा ट्रॅक्टर १० मीटर लांब धरा आणि ताशी २५ चा वेग. तुम्ही ५० ने जाताय. मागे-पुढे मोकळी जागा धरून तुम्हाला त्याच्यापेक्षा ३७ मीटर जास्त कापायचेत, त्याला साडेपाच सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही ७५ मीटर गेलात आणि समोरून ७० ने येणारी जीप १०५ मीटर पुढे आली. म्हणजे १८० मीटर रस्ता मोकळा दिसला पाहिजे. आणि समोरून येणारा एक दिवा मोटारसायकलचाच असेल असं धरू नका, ट्रॅक्टरचाही एक दिवा फुटलेला असतो.

या जानेवारीत एनएसएसच्या मुलांनी कारखान्याच्या वजनकाट्याच्या रांगेत उभ्या ट्रॉल्यांना लाल टेप लावली. रांगेत सगळे थांबलेलेच असतात, त्यामुळे कोणी नाही म्हणालं नाही, उलट चहा मिळाला. टेप मागच्या फाळक्यावर लावून उपयोग नसतो, कारण भरल्यावर उसाचे शेंडे त्यावरूनच लोंबतात. चासीच्या खालच्या आडव्या पट्टीवर, दोन्ही टोकांना लावायची, म्हणजे रुंदीही कळते. आधी पोत्याने चिखल पुसावा लागतो, नाहीतर दोन दिवसांत निघते. बाजूला पिवळी लावायची. उरलेले सहा रोल लेडीज हॉस्टेलच्या रेक्टर मॅडमच्या कपाटात ठेवले आहेत, आणि रांग पहाटे पाचला सगळ्यात मोठी असते.