पांढरी भिंत की गडद हिरवी?

घराला रंग द्यायचे ठरले की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "पांढरा लगेच मळतो, गडद हिरवा द्या." दुसऱ्याला पांढराच हवा असतो. विद्यार्थी मित्रांनो, या वादात आपण प्रकाशाचा हिशेब मांडू.

चांगली पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ८० टक्के परत फेकते. गडद हिरवी सुमारे २० टक्केच. बाकीचा प्रकाश शोषला जाऊन त्याची उष्णता होते. मग परावर्तित प्रकाशात फरक चौपट, असे तुम्ही म्हणाल. पण थांबा!

भिंत आरशासारखी गुळगुळीत नसते. तिच्यावरून अनियमित परावर्तन होते व प्रकाश सगळीकडे विखुरतो. तो दुसऱ्या भिंतीवर पडतो, तिथून तिसऱ्या. समजा, खोलीच्या सर्व बाजू एकाच रंगाच्या आहेत आणि दिव्याचा १०० भाग प्रकाश त्यांच्यावर पडला. पांढऱ्या खोलीत परावर्तित प्रकाश ८० + ६४ + ५१.२ + ... असा साठत जातो. ही भूमितीश्रेढी आहे, तिची बेरीज ८० ÷ (१ − ०.८), म्हणजे ४००! हिरव्या खोलीत २० + ४ + ०.८ + ..., म्हणजे फक्त २५. फरक सोळापट झाला.

प्रत्यक्षात खिडकी, फरशी, कपाटे यांमुळे हा फरक बराच कमी होतो. तरीही ज्या कोपऱ्यात दिव्याचा प्रकाश सरळ पोहोचत नाही, तिथे अभ्यासाला बसणाऱ्याची सारी भिस्त या परावर्तित प्रकाशावरच असते.

हे पडताळून पाहा. बुटांची दोन सारखी खोकी घ्या. एकाला आतून पांढरा, दुसऱ्याला गडद हिरवा कागद चिकटवा. प्रत्येकाच्या झाकणाला एका टोकाशी रुपयाएवढे भोक पाडा. दुसऱ्या टोकाला, तळाशी, वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवा आणि बाजूला डोकावण्यापुरते छिद्र ठेवा. वरच्या भोकातून विजेरीचा झोत सरळ खाली सोडा. कोणत्या खोक्यातली अक्षरे सहज वाचता येतात?

मग मळाचे काय? छत, खिडकीसमोरची भिंत आणि भिंतींचा वरचा भाग पांढरा ठेवावा. हात लागून मळणारा खालचा तीनेक फुटांचा पट्टा खुशाल गडद करावा. दोन्ही पक्ष खूश!

आता एक हिशेब तुमच्यासाठी. फिकट निळा रंग ५० टक्के प्रकाश परत फेकत असेल, तर त्या खोलीतल्या परावर्तित प्रकाशाची बेरीज किती येईल?