खेळांतून आरोग्यशिक्षण : बालवाडीच्या वयातील मुलांसाठी काही पाठ

आपल्या बहुतेक शाळांतून परिपाठाच्या वेळी नखे व हात तपासण्याची चाल आहे. हेतू चांगला आहे. परंतु तपासणी म्हणजे शिक्षण नव्हे. सेवेच्या पहिल्या वर्षांत मीही ती मोठ्या कसोशीने करीत असे. एके दिवशी पहिलीतील एका मुलीला, हात मळलेले आहेत म्हणून, मी रांगेबाहेर उभे केले. पुढे चार दिवस ती शाळेकडे फिरकली नाही. घरी जाऊन पाहिले तेव्हा उलगडा झाला. दिवस चैत्राचे होते. घरात दोन घागरी पाणी यायचे, आणि शाळेत येण्यापूर्वी गोठ्यातील शेण उचलण्याचे काम तिच्याकडे होते. ती परत आली, परंतु त्यानंतर कितीतरी दिवस मी जवळ गेलो की ती हात पाठीमागे नेई. माझ्या पाठातून ती स्वच्छता शिकली नव्हती, हात लपविणे शिकली होती.

हा अनुभव येथे सांगण्याचे कारण असे की, ३ ते ६ वर्षांच्या बालकाला उपदेश कळत नाही, पण अपमान मात्र पुरता कळतो. याउलट, जे हातांनी केले व खेळात अनुभवले ते त्याच्या अंगवळणी पडते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे सुरू झालेल्या ग्रामबालशिक्षणाच्या कार्यात व पुढे कोसबाडच्या टेकडीवर हेच सूत्र धरले होते. मुलांना नहाणे-माखणे, केस विंचरणे हा त्यांच्या बालवाडीत शिक्षणाचाच भाग होता. शिक्षणापूर्वीची अट नव्हती. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने ३ ते ८ वर्षांचा काळ एकच पायाभूत स्तर मानला आहे. तेव्हा अंगणवाडीतील बालके हा शेजारच्या खोलीतील विषय आहे, आपला नव्हे, असे आता म्हणता यावयाचे नाही.

पुढील खेळ आपल्या गावी मिळणाऱ्या साहित्यावर होण्याजोगे आहेत. प्रत्येकाला १५ ते २० मिनिटे पुरेत.

१. गेरूचा हात

शिक्षकाने आपल्या तळहाताला थोडे खाद्यतेल चोळून त्यावर चिमूटभर गेरू लावावा व पहिल्या मुलाशी हात मिळवावा. त्याने दुसऱ्याशी, दुसऱ्याने तिसऱ्याशी मिळवावा. चार-पाच मुलांपर्यंत तांबडा रंग पोचलेला दिसतो. मग काही मुलांनी नुसत्या पाण्याने व काहींनी साबणाने हात धुवावेत. तेलामुळे नुसत्या पाण्याने रंग नीट निघत नाही, साबणाने सुटतो. “काय दिसले?” एवढेच विचारावे, उत्तर मुलांनाच देऊ द्यावे.

या खेळात दोन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, रंगाचा आरंभ नेहमी शिक्षकाच्या हातापासून व्हावा, कोणा मुलापासून नव्हे. मळ कोणत्याही जातीला वा घराला चिकटलेला नसतो. तो हाताला चिकटतो आणि धुतल्याने जातो, हे न बोलता बिंबले पाहिजे. आपल्या समाजाचा पूर्वेतिहास पाहता ही काळजी लहान समजू नये. दुसरी, गेरू दिसतो, रोगजंतू दिसत नाहीत. रंग गेला म्हणजे हात स्वच्छ, अशी समजूत मुलांची होऊ शकते. यास्तव हात ‘मळले म्हणून’ नव्हे, तर ‘वेळ झाली म्हणून’ धुवावयाचे, हा नियम ठेवावा. वेळा दोनच सांगाव्यात : खाण्यापूर्वी आणि शौचाहून आल्यावर.

२. बाहुलीची अंघोळ

लाकडी किंवा प्लॅस्टिकची बाहुली घ्यावी. कापडी बाहुली लवकर वाळत नाही. तोंड, कानामागची जागा, मान, बोटांच्या बेचक्या या क्रमाने मुले तिला नहाणू घालतात व अवयवांची नावे आपसूक म्हणतात. स्वतःचे कान धुवून घेताना रडणारे मूल बाहुलीचे कान मोठ्या मायेने धुते. नंतर त्याला एवढेच म्हणावे, “आता बाहुलीला तुझे कान दाखव.”

३. भातुकली आणि माशी

भातुकली मुलांना शिकवावी लागत नाही. तिच्यात एका मुलाला माशी करावे. ती आधी उकिरड्यावर बसते, मग उघड्या वाटीवर येते. वाटीवर झाकण असेल तर तिला रिकामे परतावे लागते. माशी होण्यासाठी मुलांत चढाओढ लागते, तेव्हा पाळी लावावी. याच खेळात पाण्याचा माठ व लांब दांड्याचे ओगराळे ठेवून, पाण्यात बोटे न बुडविता पाहुण्याला पाणी कसे द्यावे, हेही घेता येते.

४. पायाने कलणारा डबा

पाणी थोडे असलेल्या गावी हा उपाय फार उपयोगी आहे. तेलाचा पाच लिटरचा रिकामा प्लॅस्टिकचा डबा स्वच्छ धुवून, तोंडाखाली थोड्या अंतरावर खिळ्याने छिद्र पाडावे. दोन खांबांमधील आडव्या काठीवर तो टांगावा. तोंडाशी बांधलेली दोरी खाली जमिनीजवळच्या काठीला जोडावी. काठी पायाने दाबली की डबा कलतो व बारीक धार लागते. पाय काढला की थांबते. शेजारी जाळीच्या पिशवीत साबण टांगावा. मळलेल्या हाताने तोटी धरावी लागत नाही आणि पाणीही बेताने लागते. तळहात, हातांची पाठ, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखे, मनगट असा क्रम ठेवावा. चोळण्यास निदान २० सेकंद द्यावेत. त्यासाठी तुमच्या गावचे एखादे बडबडगीत म्हणवून घ्यावे. सर्वांनी एकच पंचा वापरण्यापेक्षा हात हवेत वाळविणे बरे. खालची जमीन निसरडी होऊ नये म्हणून वाळू किंवा खडी टाकावी.

काही सूचना

मुलाला “घरी जाऊन आईला सांग” असे म्हणू नये. ज्या माउलीला पाणी दुरून आणावे लागते तिला लेकराच्या तोंडून चूक ऐकविणे योग्य नाही. तिलाच एखाद्या दिवशी हा खेळ पाहावयास बोलवावे. नखे वाढलेली दिसली तर शाळेतील नखकात्रीने आपणच, गोष्ट सांगत, कापून द्यावीत.

या पाठांना गुण देऊ नयेत. पारख एकच आहे : शालेय पोषण आहाराची ताटे मांडली जात असता, कोणी न सांगता किती मुले डब्याकडे वळतात, हे महिनाभर आपल्या टिपणवहीत नोंदवावे. पहिल्या आठवड्यात दोन-तीनच वळली तरी निराश होऊ नये. सवय ही पेरणीसारखी आहे. बी टाकताच पीक दिसत नाही.

पुढील शिक्षण परिषदेत आपापल्या नोंदी अवश्य आणाव्यात. कोणता खेळ फसला, हेही मोकळेपणी सांगावे. त्यातून सर्वांनाच शिकता येईल. आणि उद्या परिपाठाच्या वेळी एखाद्या मुलाने हात मागे घेतला, तर तो पुढे ओढण्यापूर्वी आपण आपला हात त्याच्यापुढे करावा व म्हणावे, “चल, दोघेही धुऊ या.”